'ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं' हे मला मान्य नाही (साथीत थीम पार्क उघडी ठेवण्यावरून)

शिशिरसांज

काल 'झोका' यांनी लिहिलं की साथ आली की सगळ्यात आधी कुऱ्हाड करमणुकीवर पडते. विमानं उडतात, कारखाने चालतात, मग कुलूप थीम पार्कांनाच कशाला? शेवटचं वाक्य होतं, 'ज्याला भीती वाटते त्याने घरी बसावं.' तिथेच दोन ओळी लिहून सोडून देणार होते, पण ते वाक्य रात्रभर डोक्यातून जाईना. म्हणून वेगळा धागा.

झोका, घरी बसायची मुभा असते कुणाला? तिकीट काढणाऱ्याला. रोलर कोस्टरच्या फलाटावर उभं राहून तुमच्या मांडीवरचा दांडा खाली दाबणाऱ्या, पट्टा ओढून बघणाऱ्या पोराला ती नसते. दिवसभरात तो किती पट्टे ओढतो याचा हिशोब करा, आणि प्रत्येक वेळी त्याचं तोंड समोरच्याच्या तोंडापासून हातभर लांब. तो घाबरून घरी बसला तर त्या दिवसाचा पगार बुडतो. आठवडाभर बसला तर नोकरीच जाते.

माझा धाकटा भाऊ हेच काम करतो. कोविडच्या पहिल्या लाटेनंतर पार्क उघडलं, त्याला बोलावणं आलं, तेव्हा आम्ही सगळेच खूश होतो. पाचव्या आठवड्यात त्याला वास येईनासा झाला. त्याचं दोन दिवस अंग दुखण्यावर निभावलं. बाबा मात्र एकोणीस दिवस ऑक्सिजनवर होते. पुढचे आठ महिने जिना चढताना त्यांना मधल्या पायरीवर बसावं लागायचं. बाबांनी आयुष्यात कधी पाळण्यात पाय ठेवलेला नाही. भीती वाटते म्हणून ते घरीच बसले होते, झोका.

११ जुलै २०२० ला फ्लोरिडातलं डिस्ने वर्ल्ड उघडलं. १२ जुलैला त्या राज्यात एका दिवसात १५,२९९ नवे रुग्ण नोंदले गेले, अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा तोवरचा उच्चांक. ते पार्कामुळे झालं असं मी म्हणत नाही, एका दिवसात तसं होतही नाही. पण अतिदक्षता विभाग भरत चालले असताना फाटक उघडायचं कुणाच्या भल्यासाठी?

झोका

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण माझं एक वाक्य उचलून बाकीचं सोडून दिलंत.

मी म्हणत होतो ते असं: लोक घरात बसतच नाहीत. पार्क बंद केलं की ते कुणाच्या तरी बंद खोलीत जमतात. वाढदिवस, लग्नं, पत्ते. तिथे ना मास्क, ना अंतर, ना कुणी विचारणारा. पार्कात निदान फाटकावर ताप बघतात, मास्कची सक्ती असते, माणसं मोजून आत सोडतात. शांघायचं डिस्नेलँड ११ मे २०२० ला उघडलं तेव्हा रोजच्या ८० हजारांच्या क्षमतेच्या ३० टक्क्यांहूनही कमी लोकांना प्रवेश होता. डिस्ने वर्ल्डने २५ टक्क्यांवर सुरुवात केली, मिरवणुका आणि आतषबाजी बंद ठेवली. काही महिन्यांनी तिथल्या आरोग्य अधिकाऱ्यांनीच सांगितलं की पार्काशी जोडता येईल असा उद्रेक दिसलेला नाही.

आणि राग मानू नका, पण तुमच्या भावाला लागण तिथेच झाली कशावरून? बसमध्ये, दुकानात, मित्राकडे, कुठेही झाली असेल. एका घराच्या दुःखावरून लाखभर लोकांच्या रोजगाराचा निर्णय घ्यायचा का?

शिशिरसांज

>> लागण तिथेच झाली कशावरून?

नाही सांगता येत. त्याच्या पार्कालाही सांगता येत नाही, आणि म्हणूनच त्यांच्या वहीत 'उद्रेक नाही' असं लिहिलं जातं.

अणुरेणू

ताईंचा हा शेवटचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. पार्कात लांबून आलेला पाहुणा तीन-चार दिवस राहतो. विषाणूच्या सुरुवातीच्या प्रकारात लक्षणं दिसायला सरासरी पाच दिवस लागायचे. तोवर तो हजार किलोमीटर लांब आपल्या घरी पोचलेला असतो आणि त्याची नोंद तिथे होते. उद्रेक न दिसणं आणि उद्रेक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

डिसेंबर २०१४ आठवा. कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमधून गोवर पसरला, शंभराहून जास्त लोकांना झाला, कॅनडा आणि मेक्सिकोपर्यंत पोचला. तो सापडला, कारण त्या देशात गोवर दुर्मीळ झाला होता. पुरळ आलेला प्रत्येक रुग्ण डॉक्टरांच्या डोळ्यांत भरला आणि सगळ्यांच्या तोंडी एकाच जागेचं नाव आलं. २०२० मध्ये लाखो रुग्ण असताना कुणाचा संसर्ग कुठून आला हे कोण हुडकणार?

मोकळ्या हवेबद्दल झोका यांचं बरोबर आहे, बाहेर धोका बराच कमी असतो. पण पार्क म्हणजे नुसती मोकळी हवा नव्हे. अंधाऱ्या दालनांतल्या राइड असतात, जेवणघरं असतात (तिथे मास्क निघतोच), वाहनतळावरून ने-आण करणाऱ्या बस असतात. त्यात ओरडणं. जोरात ओरडताना साध्या बोलण्यापेक्षा कितीतरी जास्त कण तोंडातून बाहेर पडतात. जपानमधल्या पार्कांनी २०२० मध्ये पाहुण्यांना न किंचाळण्याची विनंती केली, तिथल्या फुजी-क्यूने तर 'मनातल्या मनात किंचाळा' असा व्हिडिओच काढला. लोक त्यावर हसले, पण विचार योग्य होता.

रुळावरचा

इथे कुणी आतून काम केलेलं दिसत नाही, म्हणून लिहितो. मी अकरा वर्षं रोलर कोस्टरच्या देखभालीत होतो.

'बंद' म्हणजे काय असतं ते ऐका. बंद पार्क झोपत नाही. गाड्या रिकाम्या फिरवाव्या लागतात, नाहीतर चाकांना एकाच जागी दाब बसून ती खराब होतात. पाण्याच्या राइडचे पंप चालू ठेवावे लागतात, नाहीतर पाणी सडतं. ब्रेक, सेन्सर, साखळी, सगळं तपासून वहीत सही करावी लागते. आम्ही चाळीस जण होतो, टाळेबंदीत सहा जणांना ठेवलं. माणसं नसलेल्या पार्कात रिकामी गाडी वर चढतानाचा आवाज मी अजून विसरलो नाही. पाचव्या महिन्यात त्या सहांतूनही मला काढलं. पुढचे चौदा महिने मी लोकांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत फिरलो. बायकोने दागिने मोडले.

डिस्नेने सप्टेंबर २०२० मध्ये २८ हजार लोक कमी करायचं जाहीर केलं, नोव्हेंबरमध्ये तोच आकडा ३२ हजारांवर गेला. पहिल्या २८ हजारांतले दोन तृतीयांश अर्धवेळ होते. म्हणजे ताई, ज्या पट्टे ओढणाऱ्या पोरांसाठी तुम्ही पार्क बंद करायला सांगताय, बंद केल्यावर पहिला घाव त्यांच्यावरच पडला. तुमच्या भावाला विचारा, बंद असतानाचे महिने कसे काढले.

शिशिरसांज

विचारायची गरज नाही, घर मीच चालवत होते. बंद ठेवायचं तर पगार देऊन बंद ठेवा, हे मी पहिल्यापासून म्हणते आहे.

रुळावरचा

पहिल्या पोस्टमध्ये तसं एक अक्षर नाही. परत वाचून बघा.

दोन लेकरांची आई

तुम्ही सगळे पार्काचं बोलताय आणि माझा जीव वेगळ्याच गोष्टीने जळतो. पार्क उघडली, शाळा बंद राहिल्या! एप्रिल २०२० मध्ये जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलं शाळेबाहेर होती. माझा मुलगा पहिलीत गेला तो फोनच्या पडद्यावर. दीड वर्षाने वर्गात बसला तेव्हा बाकावर शेजारी कुणी बसलं की उठून कोपऱ्यात जायचा. पेन्सिल धरायची कशी ते त्याला येत नव्हतं, आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी दुसऱ्या खोलीत ऑफिसच्या मिटिंगमध्ये होते. पाळण्याला परवानगी मिळते आणि वर्गाला नाही, हा क्रम कुणी ठरवला?

अणुरेणू

सगळीकडे असं नव्हतं. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० ला लहान मुलांच्या शाळा उघडल्या, करमणुकीची ठिकाणं त्यानंतर. फ्लोरिडाने दोन्ही उघडलं. कॅलिफोर्नियात डिस्नेलँड १४ मार्च २०२० पासून ३० एप्रिल २०२१ पर्यंत बंद होतं, आणि तिथल्या पुष्कळ शाळाही जवळपास तितकाच काळ. तुमच्या मनातला क्रम डेन्मार्कने पाळला.

झोका

शाळांचं आलंच आहे तर स्पष्ट बोलतो. शाळा बंद राहिल्या कारण शिक्षकांना त्या बंद हव्या होत्या. घरबसल्या पूर्ण पगार, कोण सोडेल?

खडूफळा

झोका, शब्द मागे घ्या.

मी सातवीला शिकवते. त्या वर्षी माझ्या वर्गात चव्वेचाळीस मुलं होती आणि सोळा जणांच्या घरी फोन नव्हता. त्या सोळा जणांसाठी मी दर रविवारी हाताने प्रश्न उतरवून, झेरॉक्स काढून, दारोदार देऊन यायचे आणि पुढच्या रविवारी तपासायला गोळा करायचे. शाळेने त्याचे पैसे दिले नाहीत, मी मागितलेही नाहीत. त्यातल्या तीन मुली परत वर्गात आल्याच नाहीत. दोघींची लग्नं झाली. तिसरीचा पत्ता लागला नाही. अजूनही गर्दीत त्या वयाची मुलगी दिसली की मी वळून बघते. आमच्या शाळेतले दोन सहकारी त्या साथीत गेले. आणि तुम्ही इथे बसून म्हणताय की आम्हाला घरी बसायला आवडत होतं.

झोका

तुमच्याबद्दल नव्हतं ते.

खडूफळा

मग कुणाबद्दल होतं? 'शिक्षकांना' असं लिहिलंय तुम्ही.

दोन लेकरांची आई

खडूफळा ताई, माझा राग तुमच्यावर नव्हता. पण एक सांगते. आमच्या शाळेतल्या बाईंनी त्या दीड वर्षात एकदाही फोन केला नाही. तुमच्यासारख्या बाई माझ्या मुलाला मिळाल्या नाहीत. दोन्ही खरं आहे.

खडूफळा

हो. तशाही होत्या.

झोका

ठीक आहे, 'शिक्षकांना' हा शब्द मागे घेतो. सरसकट लिहायला नको होतं. शाळा पार्काच्या आधी उघडायला हव्या होत्या, हेही मान्य. पण पार्क बंद ठेवल्याने एकही शाळा लवकर उघडली असती असं मला वाटत नाही.

अणुरेणू

उलट आहे. समाजात संसर्ग किती ठेवायचा याला मर्यादा असते. तेवढ्यात काय काय उघडायचं ते निवडावं लागतं. पार्क, बार, व्यायामशाळा उघडून आकडे चढले की पुढच्या महिन्यात शाळेचं दार पुन्हा लागतं. दोन्हीचा हिशोब एकाच खात्यात होतो.

वार्षिक पास

पार्कांना एवढी कामगारांची काळजी, तर आमच्या पासाचे पैसे का अडकवले? आम्ही चार जणांचे पास काढले होते. पार्क सात महिने बंद. 'मुदत वाढवून देऊ' म्हणाले. वाढवलेल्या मुदतीत क्षमता कमी, आगाऊ नोंदणी सक्तीची, आणि पासवाल्यांना तारखाच मिळेनात. अकरा वेळा फोन केला.

रुळावरचा

अहो, इथे माणसं गेली, नोकऱ्या गेल्या. पासाचं वेगळं लिहा.

वार्षिक पास

माझीही नोकरी गेली होती, म्हणूनच ते पैसे हवे होते.

रुळावरचा

मग माझं चुकलं.

झोका

मूळ प्रश्नावर येतो. ३१ ऑक्टोबर २०२१, शांघाय. आधी येऊन गेलेली एक बाई बाधित निघाली म्हणून पार्काची दारं लावली आणि आतल्या ३३,८६३ जणांची तपासणी करूनच बाहेर सोडलं. सगळे निगेटिव्ह. एका रुग्णासाठी तेहतीस हजार लोक, लेकरांसह, रात्री रांगेत. तुमच्या बाजूने टोकाला गेलं की हे होतं.

शिशिरसांज

ते मलाही पटत नाही. मी कुलपाच्या प्रेमात नाही, झोका. डिस्नेलँडच्याच वाहनतळावर जानेवारी २०२१ मध्ये लसीकरण केंद्र सुरू झालं. पार्क बंद होतं, पण तीच मोठी जागा, वाहनं वळवायची सोय, गर्दीची रांग लावायची सवय असलेली व्यवस्था उपयोगी पडली. बंद काळातही अशा जागांचा आणि माणसांचा उपयोग होतो. बाहेरचे पाळणे उघडा, आतली दालनं बंद ठेवा, लस येईपर्यंत थांबा, यातल्या कशालाही माझा विरोध नाही. विरोध त्या 'ज्याला भीती वाटते त्याने' ला आहे.

डिस्ने वर्ल्डच्या कलाकारांच्या संघटनेने २०२० मध्ये काय मागितलं होतं? नियमित चाचणी. गाणाऱ्या-नाचणाऱ्यांना मास्क लावता येत नाही, म्हणून. कंपनी आधी तयार नव्हती, ऑगस्टपर्यंत ताणाताणी चालली. त्या लोकांना काम हवं होतं. मरायची जोखीम पगारात धरलेली नको होती.

रुळावरचा

ताई, आता तुम्ही जे म्हणताय त्याच्याशी माझं भांडण नाही. पहिल्या पोस्टमध्ये हे असतं तर मी एवढा तापलो नसतो.

आतून बघितलेलं सांगतो. आमच्याकडे धोका राइडवर नव्हता. कामगारांच्या जेवणाच्या खोलीत होता. फलाटावर मास्क, काचा, दर फेरीनंतर पुसणं, सगळं व्यवस्थित. आणि पाहुण्यांना न दिसणाऱ्या त्या खोलीत बारा माणसं एका पंख्याखाली डबा खात होती. एक पोरगा ताप लपवून आला होता. आजारपणाची रजा बिनपगारी होती आणि त्याच्या घरी तो एकटा कमावता. मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही आलो असतो.

आजारपणाची पगारी रजा नसेल तर साथीत पार्क उघडू नये. हे मान्य. सरसकट बंद ठेवणं मात्र आजही मान्य नाही.

झोका

पगारी रजेचं मलाही मान्य. 'घरी बसावं' हे पाहुण्यांना उद्देशून होतं, पण लिहिताना कामगार डोक्यात नव्हते, हे खरं आहे.

शिशिरसांज

रुळावरचा दादा, भावाला तुमची पोस्ट वाचून दाखवली. तो म्हणाला, त्यांच्याकडेही अशीच खोली होती. पंखासुद्धा एकच होता.

तो अजून त्याच राइडवर आहे. बाबा आता जिना न थांबता चढतात. त्याला आजारपणाची रजा अजूनही बिनपगारीच आहे.