ॲझटेकांची युद्धं: देवासाठी की खंडणीसाठी?

रानवाट:
मेक्सिकोतल्या ॲझटेकांबद्दल एक वाक्य सर्रास वाचायला मिळतं: देवाला नरबळी लागत, म्हणून ते लढत. मला हे अजिबात पटत नाही. १४२८ साली तेनोच्तित्लान (ॲझटेकांची राजधानी), तेत्स्कोको आणि त्लाकोपान या तीन नगरांनी मिळून आस्कापोत्साल्को या तोवर वरचढ असलेल्या नगराचा पाडाव केला. तिथून पुढे सगळा व्यवहार खंडणीचा. कोणत्या गावाने किती द्यायचं याच्या चित्रांतल्या याद्या आजही आहेत: सुती कापडाचे गठ्ठे, काकाओच्या (चॉकलेटच्या) बिया, रंगीत पिसं. देवाचं नाव पुढे आणि वसुली मागे, असाच हा मामला.

कोरा कागद:
साफ असहमत. नुसती वसुलीच करायची तर शत्रूला रणात कापून मोकळं व्हायचं, जिवंत धरायचा खटाटोप कशाला? हातात लाकडी दांडा, त्याच्या दोन्ही कडांना ऑब्सिडियन या ज्वालामुखी काचेची धारदार पाती. असं हत्यार घेऊनही माणूस जिवंत आणण्यातच मोठेपणा होता. योद्ध्याचा हुद्दा, त्याचा पोशाखसुद्धा त्याने किती कैदी धरले यावर ठरे.

आणि साहागुन या स्पॅनिश पाद्र्याने नाहुआ लोकांकडून (ॲझटेक त्यांच्यातलेच) नोंदवून घेतलेलं वाचा. पकडणारा कैद्याला आपला लाडका मुलगा म्हणे, कैदी त्याला लाडका बाप. बळीनंतर त्या मांसातला घास तो स्वतः खात नसे. आपलंच शरीर कसं खायचं, असा त्याचा सवाल. वसुलीसाठी देव पुढे करणारा माणूस असा वागेल?

रानवाट:
एकेका योद्ध्याची श्रद्धा खरी होती, हे मान्यच. पण लढाई कुठे करायची हे तो ठरवत नव्हता. शेजारच्या त्लाश्काला या स्वतंत्र राज्याशी चाललेली ‘पुष्पयुद्धं’ घ्या. कैदी मिळवण्यासाठी ठरवून केलेल्या लढाया म्हणून ती सांगितली जातात. प्रत्यक्षात त्लाश्कालाची चहूबाजूंनी कोंडी केली होती, मीठ आणि कापूससुद्धा तिथे पोचू देत नव्हते. म्हणून तर १५१९ मध्ये त्लाश्काला स्पॅनिश आक्रमक कोर्तेसला जाऊन मिळालं.

दख्खनी:
एक भर घालतो. १४८७ मध्ये तेनोच्तित्लानच्या मुख्य मंदिराच्या सोहळ्यात ८०,४०० बळी दिले हा आकडा कृपया कुणी वापरू नका, चार दिवसांत ते शक्यच नाही. मात्र २०१५ पासून मेक्सिको सिटीत, म्हणजे जुन्या तेनोच्तित्लानच्याच जागी, त्या मंदिराजवळच्या उत्खननात कवट्यांच्या मनोऱ्यातून ६०० हून जास्त कवट्या निघाल्यात, आणि त्यांत बायका-मुलंही आहेत. ‘कोरा कागद’, तुमच्या बापलेकाच्या नात्यात ही मुलं कुठे बसतात?

कोरा कागद:
बसत नाहीत, खरं आहे. सगळेच बळी रणातून आलेले नव्हते. तरी खंडणीच्या याद्यांसोबतच्या चित्रांत जिंकलेलं गाव कसं दाखवलंय बघा: जळणारं मंदिर. हरलेल्यांच्या देवमूर्ती तेनोच्तित्लानला आणून वेगळ्या इमारतीत ठेवत. देव गौण असता तर त्याला कैद कशाला केला असता?

रानवाट:
गावाने खंडणी चुकवू नये म्हणून! ओलीस धरायला देवाहून मोलाचं काय सापडणार?

कोरा कागद:
मोलाचं होतं ना? मग माझं म्हणणं वेगळं काय आहे?