पॅक-१२ मध्ये दोनच कॉलेजं कशी काय उरली?

भाच्याचा_मामा:
मंडळी, भाचा कॉर्व्हॅलिसला ऑरेगन स्टेटमध्ये एमएस करतोय. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणे, मामा आमची पॅक-१२ कॉन्फरन्सच फुटली, बारातले दहा पळाले, राहिलो आम्ही आणि वॉशिंग्टन स्टेट. तिकडे लोक अजून यावर हळहळतात म्हणे. आता अभ्यासाच्या कॉलेजांना मॅचेसचं एवढं काय पडलंय हा एक प्रश्न, आणि दुसरं म्हणजे स्टॅनफर्ड न् बर्कले पॅसिफिकच्या काठावर असून अटलांटिकवाल्यांच्या कॉन्फरन्समध्ये खेळतात हे काय गौडबंगाल आहे? कोणी तिकडचं असेल तर नीट सांगा, भाच्याने अर्धवटच सांगितलं.

सिअॅटलकर:
मामा, कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या कॉलेजांनी आपसात मॅचेस खेळायला केलेला गट, निदान सुरुवात तशी झाली. १९१५ च्या डिसेंबरात पोर्टलंडला चौघं जमली, बर्कले, वॉशिंग्टन (आमचं सिअॅटलचं, वॉशिंग्टन स्टेट वेगळं), ऑरेगन आणि तुमच्या भाच्याचं कॉलेज (तेव्हा ते शेतकी कॉलेज होतं). नाव पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स. मग वॉशिंग्टन स्टेट, स्टॅनफर्ड, यूएससी, आयडाहो, माँटाना, यूसीएलए (यूएससी न् यूसीएलए दोन्ही लॉस एंजेलिसची) अशी भर पडत गेली.

आता गंमत बघा, ही कॉन्फरन्स एकदा आधीच फुटलीय. पन्नासच्या दशकात खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याची भानगड बाहेर आली, वॉशिंग्टन, यूसीएलए, यूएससी, बर्कले असे बडे बडे अडकले, दंड झाले, एकमेकांवर ढकलाढकली झाली आणि १९५९ ला दुकान बंद. बड्या पाच जणांनी लगेच नवीन गट काढला आणि बाहेर कोण राहिलं, तर ऑरेगन, ऑरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि आयडाहो. वॉशिंग्टन स्टेटला १९६२ ला आत घेतलं, दोन्ही ऑरेगनना १९६४ ला, आयडाहोला कधीच नाही. म्हणजे २०२३ ला जे दोघं मागे राहिले ते तेव्हाही बाहेरच होते. म्हणून तिथल्या जुन्या लोकांना हे जास्त लागलंय. आम्ही वॉशिंग्टनवाले मात्र दोन्ही वेळा सुटलो, त्यामुळे फार बोलत नाही 😅

पुढे १९६८ ला पॅक-८, १९७८ ला अॅरिझोनाची दोन आली की पॅक-१०, २०११ ला कोलोरॅडो आणि यूटा घेऊन पॅक-१२.

एडिसनचा_बाब्या:
पण फुटलं का ते सांगा की, खरी मेख टीव्हीत आहे. १९८४ पर्यंत कॉलेज फुटबॉलचे (अमेरिकन हं, आपला नाही) टीव्हीचे हक्क एनसीएए या वरच्या संस्थेच्या मुठीत होते, ओक्लाहोमा आणि जॉर्जियाची विद्यापीठं कोर्टात गेली आणि सुप्रीम कोर्टाने ते मोडीत काढलं. मग पुढे ज्याची कॉन्फरन्स मोठी त्याचा करार मोठा. बिग टेन या दुसऱ्या बड्या कॉन्फरन्सने २०२२ मध्ये सात वर्षांसाठी सात अब्ज डॉलरच्या वरचा करार केला. यूएससी आणि यूसीएलएने त्याच्या आधीच, जूनच्या शेवटी, तिकडे जातो म्हणून जाहीर केलेलं.

आणि सगळं पळून जाणाऱ्यांवर ढकलू नका, पॅक-१२ वाल्यांचं स्वतःचं नियोजनही दिव्य होतं. स्वतःच्या मालकीचं चॅनल काढलं पण ते डायरेक्टीव्हीवर (तिकडची डिश टीव्हीसारखी सेवा) कधी दिसलंच नाही. लॉस एंजेलिस हातचं गेल्यावर नवीन करारासाठी वर्ष घालवलं आणि शेवटी समोर आली ती अॅपलची सबस्क्रिप्शनवर अवलंबून असलेली ऑफर. ४ ऑगस्ट २०२३ ला एका दिवसात पाच जण गेले, ऑरेगन आणि वॉशिंग्टन बिग टेनला, अॅरिझोनाची दोन्ही आणि यूटा बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्सला. कोलोरॅडो आठवडाभर आधीच गेलेलं. बिग टेनमध्ये आता अठरा आणि बिग १२ मध्ये सोळा कॉलेजं आहेत, आकड्यांकडे बघूच नका.

स्टॅनफर्ड न् बर्कलेला बिग टेनने घेतलं नाही, कुठेतरी जायचं म्हणून अटलांटिकवाल्यांकडे, तेही सुरुवातीची सात वर्षं टीव्हीच्या पैशाचा ३० टक्केच वाटा घ्यायच्या बोलीवर. एवढी नामांकित विद्यापीठं पण बाजारात भाव हाच.

भाच्याचा_मामा:
बापरे. मग उरलेल्या दोघांच्या हातात काय आलं, नुसतं नाव?

सिअॅटलकर:
नाही नाही, तिथेच तर ते हुशार निघाले. दोघांनी वॉशिंग्टन राज्यातल्या कोर्टात दावा लावला की जे निघालेत त्यांना आता बोर्डात मत नाही, आणि जिंकले. वाडा सोडून जाणाऱ्यांनी तिजोरीच्या किल्ल्या ठेवून जायच्या, असा तो निकाल. नाव, शिल्लक, सगळा कारभार दोघांकडे. फुटबॉलच्या मॅचेससाठी माउंटन वेस्ट या शेजारच्या कॉन्फरन्सशी तात्पुरती तडजोड केली, मग त्यांचीच कॉलेजं फोडली, बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, यूटा स्टेट. जुलै २०२६ पासूनची ही जुळवाजुळव. फुटबॉलची निदान आठ कॉलेजं लागतात असा नियम आहे, आठवं मिळालं ते टेक्सास स्टेट. गोंझागा कॉलेज पण आहे पण त्यांच्याकडे फुटबॉल नाही.

एडिसनचा_बाब्या:
म्हणजे ज्यांची कॉन्फरन्स फुटली त्यांनीच माउंटन वेस्टचं तेच केलं जे आधी यांचं झालं 😂

मला राग येतो तो बाकीच्या खेळांच्या पोरापोरींसाठी. फुटबॉलवाले आठवड्याला एक मॅच खेळतात, विमानाने गेले आले. पण यूसीएलएच्या व्हॉलीबॉलच्या मुलींनी सेमिस्टर चालू असताना आमच्या रटगर्सला (तेही बिग टेनमधलंच कॉलेज) न्यू जर्सीत यायचं, तीन तासांचा टाइम झोनचा फरक, आणि सोमवारी परत लेक्चरला बसायचं. करार फुटबॉलच्या जिवावर झाला, प्रवास मात्र सगळ्यांच्या वाट्याला.