तुमचा पहिला बार कुठं रेकॉर्ड झाला? मराठवाड्यातल्या हिप हॉपवाल्यांनो, लिहा

परभणीत आम्ही सातआठ जण दर रविवारी संध्याकाळी बंद पडलेल्या एका पेट्रोल पंपाच्या छपराखाली जमतो. एकजण तोंडानं बीट धरतो, बाकीचे गोल करून पाळीपाळीनं बार टाकतात, म्हणजे रॅपच्या ओळी म्हणतात. याला सायफर म्हणतात हे आम्हाला दोन वर्षांनी कळलं. तोवर आम्ही 'बसायला जायलो' एवढंच घरी सांगायचो.

हिप हॉपचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ चा मानतात. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये डीजे कूल हर्कच्या बहिणीला शाळा उघडायच्या आधी नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते, म्हणून इमारतीच्या हॉलमध्ये पार्टी ठेवली. त्या रात्री हर्कनं गाण्यातला नुसत्या ढोलाचा तुकडा लांबवत नेला आणि पोरं त्यावर नाचली. मला त्यातली कपड्यांची गोष्ट फार जवळची वाटते. आपल्याकडंही सगळं असंच, गरजेतून आणि मिळेल त्या जागेत चाललंय. लेबल म्हणजे गाणी काढणारी कंपनी नाही, क्लब नाही, तिकीट काढून ऐकणारा माणूस नाही. मुंबई-पुण्याच्या पोरांबद्दल पुष्कळ छापून आलं. आपल्या आठ जिल्ह्यांतलं मात्र आपणच लिहावं लागणार.

म्हणून विचारतो. पहिला बार कुठं रेकॉर्ड केला, कोणत्या बोलीत लिहिला, आणि त्यापायी काय सोसावं लागलं? घरी बोलता तसंच लिहा. आलेली उत्तरं खाली आहेत, कंसातल्या ओळी माझ्या.

लातूर

बारावीला ट्यूशन एरियात खोली करून राहायचो. चौघं एका खोलीत, चौघंही नीटवाले. मोकळ्या खोलीत रेकॉर्ड केलं की आवाज भिंतींवर आपटून परत येतो, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतं. त्यावर आजीची गोधडी कामाला आली. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावायच्या, वरून गोधडी, आत मी आणि मोबाईल. जुन्या लुगड्यांचे पाचसहा थर असतात तिच्यात, आवाज पिऊन टाकते. पण पंखा बंद ठेवावा लागतो, नाहीतर मागं घरघर येते. मे महिना, वर पत्रा. सोळा बारांना अकरा टेक लागले. बोटं इतकी घामेजली की स्क्रीनवर बटण दबेना, दरवेळी गोधडीलाच हात पुसायचो. त्या टेकमध्ये आजीच्या लुगड्याचा वास अजून मला येतो, ऐकणाऱ्याला नसेल येत.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं तेव्हा मी शाळेत होतो. पहिला बार त्यावरच:

रुळावरून नदी आली, घागर घेऊन गल्ली उभी,
मास्तर म्हणले निबंध लिव्हा, विषय होता 'माझी नदी'.

पप्पांचा विरोध होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याचा रॅपर एमसी स्टॅन बिग बॉस जिंकला, तेव्हा त्यांनी फोन करून विचारलं, "तू करतूस ते हेच का?" मी हो म्हटलं. "बरं, आधी फॉर्म भर नीटचा," म्हणाले. त्यानंतर विरोध केला नाही.

हिंगोली

वहीत चाळीसेक बार पडलेत. म्हणायला गेलं की आवाज बसतो. शेतात बोअरच्या खोलीत म्हणून बघतो, मोटार चालू असली की कुणाला ऐकू जात नाही.

*(रविवारी परभणीला ये. एसटीनं येण्यासारखं आहे. पहिल्या दिवशी नुसतं ऐकायला बस, कुणी म्हण म्हणणार नाही.)*

गंगाखेड, सध्या नर्सिंगसाठी संभाजीनगरला

कॉलेजच्या गॅदरिंगला नाव द्यायला गेले तर सांगितलं, मुलींसाठी नृत्य किंवा सुगम गायन आहे, रॅप मुलांच्या यादीत टाकलाय. मी दुसऱ्या दिवशी परत गेले, तिसऱ्या दिवशीही गेले. शेवटी तीन मिनिटं मिळाली, जेवणाच्या सुट्टीतली. समोर पंधरा जणी होत्या, त्यातल्या चार माझ्या खोलीतल्या.

मला लिहायचंय ते यमकाबद्दल. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळं पहिल्यांदा लिहिणारा प्रत्येकजण करते-मरते-धरते यात अडकतो. माझी पहिली वही सगळी तशीच आहे. सुट्टीत घरी गेले तेव्हा आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत होती. जातं आता फक्त लग्नाच्या हळदीपुरतं निघतं, पण ओव्या तिला सगळ्या येतात. मी नीट ऐकलं. तिच्या ओळी क्रियापदावर क्वचितच संपतात. शेवटाला माणूस येतो, बंधू, मैना, विठू. आणि खुंटा एक फेरा घेऊन परत आला की तिथंच तिची ओळ संपते, श्वासही तिथंच. बीट हातात धरलेलाच असतो म्हणा ना. जनाबाईच्या गावात वाढून हे मला विसाव्या वर्षी कळलं याचं वाईट वाटतं.

आधी मी लिहिलं होतं, 'मी ड्युटीवर उभी राहते, रात्रभर सलाईन पाहते'. ते खोडून असं केलं:

उभी मी रात्रभर, सलाईनचा एकेक थेंब,
बेड नंबर नऊची माय म्हणती, पोरी, जरा थांब.

*(हे सगळ्यांनी दोनदा वाचा. आमच्या रविवारच्या बैठकीत मी हे मोठ्यानं वाचून दाखवणार आहे.)*

बीड जिल्हा, धारूरकडचा

माझे आईबाप ऊसतोडीला जायचे, मीही सहा हंगाम सोबत गेलो. दिवाळी झाली की कारखान्यावर, गुढीपाडव्याच्या आसपास घरी. तिकडं नवराबायकोच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. माणसं मोजायचीच नाहीत, कोयते मोजायचे. मुकादम विचारायचा, "कोयते किती?" हा शब्द लहानपणापासून कानात आहे. रॅप लिहायला लागलो तेव्हा पहिल्यांदा हाच लिहिला.

रॅप कानावर पडला तो उसाच्या ट्रॅक्टरवर. रात्री दोनला गाडी भरायची, ड्रायव्हर झोप उडवायला मोठ्यानं गाणी लावायचा. त्यात एक दिवस कुणीतरी भरभर बोलायला लागला. मला अर्धंच कळलं, पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वर चढताना पाय आपोआप त्याच्या ठेक्यात पडायला लागले. ठेका चुकला की फळी हलायची. मला कुणी ताल शिकवला असेल तर त्या फळीनं.

फडात उजाडलं, फडातच मावळलं,
पाचटात दप्तर माझं कुणी न्हाई आवरलं.

हे मी कोपीत, म्हणजे फडावरच्या आमच्या झोपडीत, बसून मोबाईलवर म्हटलं. मागं बैलाच्या गळ्यातली घंटी वाजती. नंतर शहरातल्या एका स्टुडिओत ते नीट करायला नेलं. दीड हजार घेतले, घंटी काढून टाकली आणि 'न्हाई'चं 'नाही' करून परत म्हणायला लावलं. मी म्हटलं. घरी येऊन ऐकलं तर त्यात मीच नव्हतो. ती फाईल पुसली. कोपीतलीच ठेवली आहे, घंटीसकट.

छत्रपती संभाजीनगर, जुना बाजार

घरात आम्ही दखनी बोलतो. हौ, नक्को, कायकू. शाळा मराठी. त्यामुळं माझा बार मध्येच रूळ बदलतो, आधी मराठी, मग दखनी, परत मराठी. माझा जोडीदार टीव्ही सेंटरचा आहे, तो शुद्ध मराठवाडी. आम्ही आमखास मैदानाच्या कडेला उभं राहून पहिल्यांदा समोरासमोर म्हटलं तेव्हा तो माझ्या 'नक्को'वर 'कामून' टाकायचा, मी त्याच्या 'कामून'वर 'कायकू'. त्यातूनच हुक, म्हणजे गाण्यात परत परत येणारी ओळ, तयार झाला, लिहावा लागलाच नाही.

वली आणि सिराज या दोन्ही शायरांच्या नावापुढं 'औरंगाबादी' असं आपल्या शहराचं जुनं नाव लागतं हे अब्बा मला सारखं सांगतात. मुशायऱ्यात चांगला शेर पडला की समोरचे 'मुकर्रर' म्हणून परत म्हणायला लावतात. सायफरमध्ये बार बसला की बीट थांबवून परत म्हणायला लावतात. अब्बांना मी एवढंच दाखवलं, एकदा घेऊन गेलो. ते कडेला स्कूटरवर बसून होते. दुसऱ्या पोराच्या एका बारावर त्यांच्या तोंडून 'वाह' निघालं, माझ्या नाही. त्या आठवड्यात मी रोज लिहिलं.

भीतीही आहे, तीही लिहितो. एप्रिल २०२३ मध्ये आपल्याच शहरातल्या राज मुंगासेवर राजकारणावरच्या रॅपवरून गुन्हा दाखल झाला. त्या आठवड्यात अम्मीनं माझ्या वह्या माळ्यावर टाकल्या. मी खाली काढल्या, पण दोन पानं वगळून म्हणतो अजून.

एका रॅपरचे वडील, वय ५८

मी रॅपर नाही. मुलानं हे वाचायला दिलं म्हणून लिहितो.

माझे वडील गायन पार्टीत पेटी वाजवायचे. भीमजयंतीला दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीनं तिथल्या तिथं रचून जवाब द्यायचा. पहाट व्हायची. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. आम्ही तेव्हा नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यात होतो. घर जळालं, त्यात पेटी जळाली. वडील राखेतून पितळी सूर वेचत होते, ते मी पाहिलं आहे. त्यानंतर सोळा वर्षं त्यांनी पेटीला हात लावला नाही. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, त्या रात्री मात्र विद्यापीठाच्या गेटपाशी कुणाची तरी पेटी मागून घेतली आणि उजाडेपर्यंत गायले.

गेल्या १४ जानेवारीला माझा मुलगा त्याच गेटपाशी एका लहान स्पीकरवर बीट लावून उभा राहिला. मला राग आला. पेटी नाही, ढोलकी नाही, चाल नाही. निघून जाणार होतो. त्याच्या चौथ्या ओळीत राखेतले पितळी सूर आले. मी त्याला हे कधी सांगितलं नव्हतं. त्याच्या आजीनं सांगितलं असणार. मी थांबलो.

नांदेड

मी म्हणत नाही, नाचतो. ब्रेकिंग, म्हणजे हिप हॉपमधला जमिनीवरचा नाच, करणारे इथं चौघंच उरलोत. फरशी मिळत नाही, म्हणून वाढदिवस झाला की उतरवलेलं फ्लेक्स आणतो आणि उलटं अंथरतो. विंडमिल, म्हणजे पाठीवर गोल फिरायचा डाव, मारायला त्यावर पाठ छान सरकते, शिवण असेल तिथं खांदा सोलतो. २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंग होतं, ते आम्ही एका मोबाईलवर चौघांनी पाहिलं. लॉस एंजेलिसला २०२८ मध्ये नाहीये. तरी पहाटे पाचला मैदानावर असतो, कुणाला शिकायचं तर या.

जालना, बीट बनवतो

इंटरनेटवरून फुकट उचललेल्या बीटवर गाणं टाकू नका, पुढं मालक दावा लावतो आणि गाणं उतरतं. आमचं दोनदा उतरलं. तेव्हापासून स्वतःच बनवतो.

हलगी रेकॉर्ड करताना आलेला अनुभव सांगतो. हलगी शेकोटीवर तापवली की कातडं ताणतं, कडक आवाज निघतो. पण ती थंड होते तसा सूर उतरत जातो. आमचा पहिला टेक आणि सातवा टेक जोडले तर दोन वेगळ्या हलग्या वाटल्या. मग वाजवणाऱ्या मामांनीच तोड काढली. शेकोटी शेजारीच ठेवली, दर दोन टेकनंतर हलगी परत तापवली. मोबाईल दोन हात लांब ठेवला, जवळ धरला की आवाज फाटतो. नंतर मी ते ठोके कॉम्प्युटरवर ओळीत बसवले तर सगळं मेलं. मामांचा तिसरा ठोका किंचित मागं पडतो, त्यातच सगळी मजा आहे. सगळं परत मोकळं केलं, आणि उलट माझा बेस त्यांच्या मागं सरकवला.

त्या सत्रातले चौदा तुकडे माझ्याकडं आहेत. मराठवाड्यातल्या कुणालाही फुकट देतो, मामांनी हो म्हटलंय. अट एकच, गाण्याखाली हलगी कुणाची आणि गाव कोणतं ते लिहायचं. हिंगोलीच्या भावा, बोअरच्या मोटारीचा आवाज रेकॉर्ड करून पाठव. तो खालचा घुमारा मला बीटमध्ये पाहिजे.