मैफलीत विलंबित ख्याल ऐकताना मी हरवतो, काय करावे?

जुळे_सोलापूरकर
नमस्कार. गेली बारा वर्षे मी शास्त्रीय संगीत ऐकतो आहे, परंतु ते सारे ध्वनिमुद्रणांतून, कामावर जाता-येता. गेल्या महिन्यात आपल्या सोलापुरातच प्रथम तिकीट काढून ख्यालगायनाच्या मैफलीला गेलो आणि काहीसा खिन्न होऊन परतलो. डग्ग्याचा (तबल्याच्या जोडीतल्या डाव्या वाद्याचा) आवाज छातीवर आदळत होता, तानपुरे केवळ डोळ्यांना दिसत होते आणि मारवा रागातला विलंबित (संथ लयीतला) एकताल माझ्या हातून सारखा सुटत होता. आजूबाजूच्या श्रोत्यांच्या माना एकाच क्षणी हलत आणि काय घडले ते मला उमगेपर्यंत तालाचे पुढचे आवर्तन (पूर्ण फेरा) सुरू झालेले असे. तरीही एक क्षण मनातून जात नाही. बराच वेळ षड्जाला (‘सा’ या स्वराला) बगल देत राहिलेले गायक अखेर त्या षड्जावर येऊन थांबले, तेव्हा सभागृहात कुणी श्वाससुद्धा घेत नसावे असे वाटले. घरी हाच राग मी शंभर वेळा ऐकला असेल, पण असे कधी झाले नव्हते. डिसेंबरात पुण्याला सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाला जाण्याचा विचार आहे. त्याआधी कान कसा तयार करावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

तिरकिट
मी तबला शिकतो, त्यामुळे तेवढ्यापुरते लिहितो. विलंबित एकतालाचे एक आवर्तन मिनिटभरही चालू शकते. एवढ्या काळात बारा मात्रा बोटांवर मोजत बसलात तर गाणे निसटते. त्यापेक्षा ठेक्यातले (तालाच्या ठरलेल्या बोलांतले) ‘तिरकिट’ ऐकावे. ते एका आवर्तनात दोनदा येते, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. पहिल्या तिरकिटानंतर ‘तू ना’ येते, म्हणजे डग्गा गप्प असतो. दुसऱ्यानंतर ‘धी ना’ येते आणि डग्गा पुन्हा बोलू लागतो. हे दुसरे तिरकिट ओळखता आले की समेला, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, दोनच मात्रा उरल्या आहेत हे कळते, आणि नेमक्या त्याच सुमारास गायक बंदिशीचा मुखडा (सुरुवातीचे शब्द) उचलतो. माना हलतात त्या या अपेक्षेमुळे. मैफलीत शक्यतो तबलजीचे हात दिसतील अशा बाजूला बसावे. डोळ्यांची मदत झाली की काही दिवसांत ध्वनिमुद्रणातही सम सापडू लागते.

उत्तररात्र
आपण तो षड्ज टिपलात, म्हणजे कान तयार आहे. उगीच खिन्न होऊ नका. मारव्यात पंचम (‘प’) वर्ज्य असतो आणि गायक कोमल ऋषभ (‘रे’) व धैवत (‘ध’) यांवर रेंगाळत षड्ज लांबणीवर टाकत राहतो, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात एक ओढ साचत जाते. मोबाइलवर ऐकताना सिग्नल लागतो, फोन येतो, आणि ती ओढ साचण्याआधीच सांडून जाते. मैफलीत आपल्याला उठता येत नाही, हीच तिची मोठी देणगी आहे असे मी मानतो. शिवाय तो संधिप्रकाशाचा राग आहे. आपण तो सकाळी कामावर जाताना ऐकत असाल, तर त्याचे अर्धे घर बंदच राहिले म्हणायचे.

सवाईबद्दल सांगतो. पंडित भीमसेन जोशी यांनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये हा महोत्सव सुरू केला. नव्वदच्या दशकात मी रमणबागेत घोंगडी पांघरून अख्ख्या रात्री काढल्या आहेत. मालकंस, दरबारी हे रात्रीचे राग त्यांच्या वेळेलाच कानी पडत. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी उघड्यावरचे ध्वनिवर्धक रात्री दहानंतर थांबले. बंदिस्त सभागृहांना ती बंदी नाही, पण मांडवातली ती उत्तररात्र गेली, याचे मला अजून वाईट वाटते. नियमामागचे कारण मला मान्य आहे. दुपारच्या सत्रांमुळे भीमपलास, मुलतानी हे राग मात्र योग्य वेळी ऐकायला मिळतात, तेव्हा दुपार चुकवू नका. सोलापूरकराने आणखी एक ध्यानात ठेवावे: हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी पुण्याला पोहोचवते, पण संध्याकाळी ती परत निघते तेव्हा तिकडे मैफल रंगात येत असते. मुक्काम ठेवूनच जावे.

जवारी
सर्व दोष श्रोत्याने स्वतःकडे घेऊ नये. तानपुऱ्याच्या तारेखाली घोडीवर जो सुताचा धागा सरकवतात, त्याने जवारी (तारेचा गुंजणारा नाद) खुलते आणि एका तारेतून अनेक स्वर उमटू लागतात. गायक त्या गुंजारवाला धरूनच गातो. तो ऐकू येईनासा करणारी ध्वनिव्यवस्था असेल तर अर्धे गाणे श्रोत्यांपर्यंत पोहोचतच नाही, आणि असे अनेकदा होते. म्हणून मोठ्या महोत्सवाआधी एखाद्या घरगुती बैठकीला जावे, जिथे ध्वनिवर्धक लागत नाही. लवकर पोहोचावे आणि तानपुरे लावताना ऐकावे. मालकंस असेल तर पहिली तार पंचमाऐवजी मध्यमात (‘म’) लावतात. गाणे सुरू होण्याआधीच रागाची चाहूल लागते.

जुळे_सोलापूरकर
आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. काल सकाळी रेल्वे लाइन्स भागातील एका परिचितांच्या दिवाणखान्यात बैठक होती. तीस-पस्तीस माणसे, ध्वनिवर्धक नाही. उन्हाळ्यामुळे पंखे चालू होते, परंतु तानपुरे लागू लागताच यजमानांनी ते स्वतःहून बंद केले आणि कुणीही तक्रार केली नाही. मी तानपुऱ्याच्या अगदी मागे बसलो होतो. तोडी हा राग सुरू झाला. उत्तररात्र काका, तो सकाळचाच होता. पहिली दहा-बारा आवर्तने मी केवळ तिरकिट शोधण्यात घालवली. त्यानंतर एकदा दुसरे तिरकिट आले, मुखडा उचलला गेला आणि माझी मान इतरांच्या बरोबरीने हलली. पुढच्या आवर्तनात पुन्हा चुकलो, त्याच्या पुढच्यात सापडलो. डिसेंबरसाठी पुण्यात तीन रात्रींच्या मुक्कामाची सोय आजच केली आहे.