उत्तर युरोपची क्रूझ: बाल्टिकची जुनी शहरं की नॉर्वेचे फ्योर्ड? (सासूबाई सोबत आहेत)

ठाणेकरीण
नमस्कार मंडळी, पुढच्या जूनमध्ये मी, नवरा आणि सासूबाई असे तिघं उत्तर युरोपची क्रूझ करायचं म्हणतोय, दहा-अकरा रात्रींची. घरात दोन पार्ट्या पडल्यात. नवऱ्याला इतिहासाचं भयंकर वेड, त्याला टालिन, रिगा, ग्दान्स्क ही हान्सा (मध्ययुगातला उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांचा संघ) व्यापाऱ्यांची शहरं बघायचीत आणि मला फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या), ते तर कित्येक वर्षं मनात आहे. सासूबाई एकाहत्तरच्या, तब्येत ठणठणीत पण गुडघे दुखतात, जिने आणि चढ नकोत. एका एजंटने बाल्टिकचं पॅकेज दिलंय त्यात "बर्लिन" पण आहे, "स्टॉकहोम" पण आहे, रोज नवं बंदर. एवढं सगळं खरंच बघून होतं का? शाकाहारी आहोत तिघंही.

गलबत
ताई, पॅकेजमध्ये शहराचं नाव बघू नका, जहाज नेमकं कुठल्या धक्क्याला लागतं आणि किती वाजता सुटतं ते विचारा. "बर्लिन" म्हणजे वार्नेम्युंडे, रोस्टॉकजवळचं बंदर. तिथून बर्लिन एका बाजूला साधारण तीन तास, म्हणजे दिवसातले सहा तास सीटवर बसून गेले, हातात काय उरणार? ग्दान्स्कला जाणारी मोठी जहाजं बहुतेक ग्दिनियाला लागतात, पण तिथून लोकल ट्रेन पाऊण तासात नेते, ते ठीक आहे. आणि सुटायच्या अर्धा तास तरी आधी परत जहाजावर यावं लागतं, तो वेळ पण वजा करा.

आता तुमच्या दोन पार्ट्यांचं. मला वाटतं तुमचं भांडण नॉर्वेतल्या बर्गनमध्ये मिटेल. मिस्टरांना सांगा, हान्साचा इतिहास फक्त बाल्टिकमध्ये नाहीये. जर्मनीतल्या लुबेकच्या व्यापाऱ्यांनी १३६० च्या सुमारास बर्गनला आपली वखार थाटली आणि पुढे जवळजवळ चारशे वर्षं चालवली. धंदा कशाचा, तर सुकटीचा! वर उत्तरेला लोफोटेन बेटांवर कॉड मासा मीठ न लावता लाकडी मांडवांवर टांगून थंड वाऱ्यात वाळवतात, आपल्याकडे वर्सोव्याला बोंबील वलांडीवर घालतात तसंच. तो मासा बर्गनला यायचा आणि जर्मन जहाजं बदल्यात धान्य आणायची. ती वखार म्हणजे ब्रिगेन, आज जागतिक वारसा आहे. १७०२ च्या आगीत जळाली होती पण त्याच जागी त्याच पद्धतीने परत बांधली. दोन इमारतींमधल्या बोळात शिरलात की पायाखाली फळ्या, दोन्ही बाजूंना काळपट पडलेलं लाकूड आणि वर माल ओढायच्या कप्प्या अजून दिसतात. आणि हे सगळं सपाटीवर, सासूबाई आरामात फिरतील. जवळूनच फ्लोयबानेन नावाची केबल रेल्वे आहे, ३२० मीटर उंचीवर नेऊन सोडते, चढायची गरजच नाही.

म्हणून माझं मत, कील किंवा हॅम्बुर्गहून सुटणारी नॉर्वेची क्रूझ घ्या ज्यात बर्गन, ओलेसुंड आणि गेइरांगर (फ्योर्डच्या टोकाचं गाव) तिन्ही आहेत, आणि आधी दोन रात्री लुबेकला राहा. हॅम्बुर्गहून लुबेक ट्रेनने पाऊण तास. होल्स्टन दरवाजा, त्याला लागून मिठाची जुनी गोदामं, शिवाय तिथे हान्सावर एक मोठं म्युझियम २०१५ मध्ये सुरू झालंय, मिस्टर तिथून बाहेर येणार नाहीत. ओलेसुंड १९०४ च्या जानेवारीत एका रात्रीत जळालं आणि तीनेक वर्षांत सगळंच्या सगळं युगेंडश्टील (त्या काळची नक्षीदार शैली) पद्धतीने परत उभं राहिलं, त्यामुळे गावभर एकाच काळातले बुरूज आणि नक्षी. तिथे आक्स्ला टेकडीला ४१८ पायऱ्या आहेत, त्या सोडा, वर गाडीरस्ता जातो.

पाऊस मात्र धरूनच चाला, बर्गनमध्ये वर्षातले दोनशेहून जास्त दिवस पडतो. छत्री वाऱ्याने उलटते, चांगला रेनकोट घ्या.

मेलारेनकाठी
मी स्टॉकहोमला राहते, बाल्टिकची बाजू मांडायलाच हवी 🙂 गलबत यांचं धक्क्याबद्दलचं म्हणणं एकदम बरोबर. स्टॉकहोमचंच घ्या, काही मोठी जहाजं शहरात येतच नाहीत, नीनेसहाम्नला थांबतात, तिथून ट्रेनने तासभर. पण जे जहाज शहरापर्यंत येतं ते घेतलंत तर सकाळी लवकर उठून डेकवर जा, काही तास नुसती बेटंच बेटं, लाल लाकडी घरं आणि प्रत्येकाचा छोटा धक्का, फ्योर्डइतकंच सुंदर आहे हे आणि याची कोणी जाहिरात करत नाही. उतरल्यावर दुसरं काही नाही पाहिलं तरी वासा म्युझियम बघा. १६२८ मध्ये पहिल्याच सफरीत बुडालेलं जहाज १९६१ मध्ये वर काढलंय, अख्खं उभं आहे समोर. लिफ्ट आहे.

टालिनला बंदरापासून जुनं शहर चालत पंधरा-वीस मिनिटं, पण रस्ते दगडगोट्यांचे, गुडघ्यांना त्रास होतो. टॅक्सीने थेट वर टूम्पेआ टेकडीवर जायचं आणि हळूहळू खाली चौकात यायचं. चौकातलं औषधांचं दुकान १४२२ च्या कागदपत्रांत सापडतं, अजून चालू आहे. आणि टालिनचं घड्याळ स्वीडनच्या एक तास पुढे, जहाजाची वेळ कुठली ते त्या दिवशी नीट बघा. २०२२ पासून सेंट पीटर्सबर्ग रूटवरून गेलंय, त्यामुळे आता व्हिस्बी, रिगा अशा बंदरांना जास्त वेळ मिळतो, मला तर हे बरंच वाटतं.

कागदपत्रं_आधी
व्हिसाचं लिहितो. शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा) ज्या देशात जास्त दिवस त्या देशाकडे मागायचा, दिवस सारखेच असतील तर जिथे आधी शिरताय तिथे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा. क्रूझ साउदॅम्प्टनहून सुटत असेल तर यूकेचा व्हिसा वेगळा लागेल, म्हणून शक्यतो कील किंवा कोपनहेगनच बघा. जहाजावर शाकाहारी मिळतं, बुकिंग करतानाच लिहून द्या. बॅगेत भाकरवडी, मेतकूट, चिवडा चालेल पण तूप आणि पेढे नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिकडे बंदी आहे. आणि समुद्रात गेल्यावर फोन एअरप्लेन मोडवर, जहाजाच्या नेटवर्कचं बिल फार येतं.

ठाणेकरीण
किती छान सांगितलंत सगळ्यांनी! लुबेक ऐकल्यावर नवरा लगेच तयार झाला, सो कीलहून नॉर्वे पक्कं. एकच विचारते, गेइरांगरसाठी बाल्कनी डावीकडची घ्यायची की उजवीकडची? आणि तिथे होडीतून उतरवतात असं वाचलं, सासूबाईंना जमेल?

गलबत
फ्योर्ड पुढे बंद आहे, जहाज गेलेल्या वाटेनेच परत येतं, त्यामुळे कुठलीही बाजू चालेल. सेव्हन सिस्टर्स धबधबा आत जाताना डाव्या हाताला, जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो म्हणून पाणी भरपूर. खरं तर त्या वेळी केबिनमध्ये बसूच नका, वरच्या डेकवर जा, दोन्ही बाजू दिसतात. होडीचं जहाजावर अवलंबून आहे, काहींना तरंगता पूल लावतात आणि त्यावरून चालत उतरता येतं, काहींना होडी. बुकिंगच्या आधी कंपनीला ईमेल करून विचारा आणि उत्तर लेखी घ्या. जायचं असेल तर फार वर्षं लांबवू नका, तिथे प्रदूषणाचे नियम कडक होतायत आणि मोठ्या जहाजांना २०३२ पर्यंतच मुदत आहे.