स्वे बार: घरी जमेल, पण दोन्ही चाकं एकदम उचला

स्पायडर म्हणजे पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली कॅन-ॲमची तीनचाकी. तिचा स्वे बार (वळणावर गाडी कलू नये म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारी आडवी सळई) घरीच बदलावा का, असं विचारलंयत. मी गेल्या दिवाळीत आमच्या कोथरूडच्या पार्किंगमध्ये बदलला. वॉचमनकाका टॉर्च धरून उभे होते, सल्ल्यांसकट.

वर कुणीतरी लिहिलंय की जाड बारने गाडी दगडासारखी कडक होते. अर्धंच खरं. पुढची दोन्ही चाकं एकदम स्पीडब्रेकरवर चढली तर बार बुशमध्ये (त्याला धरणाऱ्या कड्यांमध्ये) नुसता फिरतो, पिळला जात नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की मात्र हिसका जास्त लागतो, आणि पुण्यात असे खड्डे शोधावे लागत नाहीत. भरीव बारचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. 10 टक्के जास्त जाडी म्हणजे जवळपास दीडपट कडकपणा. म्हणून हावरटपणा नको.

माझी चूक सांगतो. मी एकच बाजू जॅकवर घेतली. बार पिळलेला राहिला आणि लिंकचा (बारचं टोक चाकाच्या सस्पेन्शनला जोडणाऱ्या दांडीचा) बोल्ट सुटेचना. हातोडी मारून त्याचे आटे घालवले. मग नाना पेठेत जाऊन नवीन आणला. दोन्ही चाकं सारखी उचलल्यावर दुसऱ्या बाजूचा बोल्ट हाताने निघाला.

नवीन लिंकची लांबी ठरवताना गाडी जमिनीवर, सपाट जागी, आणि तुमच्या वजनाचं कुणीतरी सीटवर हवं. बोल्ट ओढूनताणून बसवावा लागला तर लांबी चुकली. नायलॉक नट (ढिले होऊ नयेत म्हणून आत नायलॉनचं कडं असलेले) जुने वापरू नका. कंपनीच्या आकड्याला टॉर्क पान्यानेच (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा, आणि कात्रज घाटाची एक फेरी मारून आल्यावर परत तपासा. माझा एक नट पाव फेरा ढिला निघाला होता.