मदत हवी आहे: माझ्या लेन्सना चालेल अशी फुल फ्रेम बॉडी सुचवा (तातडीचं)

चिपळूणकर_०७:
कॅमेऱ्याची बॉडी बदलायची आहे, फुल फ्रेमच (३५ मिमी फिल्मएवढा सेन्सर) हवी. लेन्स चार आहेत, विकायच्या नाहीत. बजेट लाखाच्या आत, सेकंडहँड चालेल. भाऊ शनिवारी मुंबईत आहे, बोरा बाजारातून घेऊन येईल. "गरज आहे का" हे कृपया विचारू नका, ठरलंय.

तिपाई:
कंपनी कुठली? लेन्स कुठल्या? पायाचं माप न सांगता चप्पल मागवताय.

चिपळूणकर_०७:
निकॉन हो. सध्या डी७००० आहे. लेन्स ५०, ३५, ८०-२०० आणि ११-१६ मिमी.

अल्फामॅन:
सगळं विका, सोनी ए७ थ्री घ्या. मी २०१९ला घेतला, मागे वळून पाहिलं नाही.

तिपाई:
अहो, विकायच्या नाहीत असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

मिररलेस_मामा:
निकॉनचाच मिररलेस झेड ५ घ्या, सोबत जुन्या लेन्स लावायचा एफटीझेड अडॅप्टर. विषय संपला. माझ्या सगळ्या जुन्या लेन्स त्यावर मस्त चालतात.

तिपाई:
मामा, तुमच्या सगळ्या एएफ-एस, म्हणजे आत मोटर असलेल्या, असणार. धागाकर्ते, ५० आणि ८०-२०० वर ॲपर्चर रिंग (किती उजेड आत घ्यायचा ते ठरवणारी कडी) आहे का? आणि फोटो कसले काढता?

चिपळूणकर_०७:
दोन्हींवर रिंग आहे, डी लिहिलंय. त्याने काय फरक पडतो? फोकस तर झटकन होतो. फोटो कबड्डीचे, रात्रीचे सामने.

तिपाई:
फरक तिथेच पडतो. एएफ-एस लिहिलेलं नसेल तर डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते. तुमच्या डी७०००च्या माउंटवर, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यावर, छोटा स्क्रू दिसेल, बॉडीतली मोटर तो फिरवते आणि लेन्स फोकस होते. एफटीझेडमध्ये तो स्क्रूच नाही, एफटीझेड २ मध्येही नाही. म्हणजे झेड ५ वर तुमची ८०-२०० हाताने फोकस करायची, तीही चढाई चालू असताना. तुमची ११-१६ टोकिना कंपनीची पहिली आवृत्ती असेल तर तिचंही तेच.
डी७५० बघा. २०१४ची आहे, पण आत मोटर आहे आणि कमी उजेडात फोकस चांगला धरते. डी६१०लाही मोटर आहे, पण तिचे फोकस पॉइंट मधोमध दाटलेत.

मिररलेस_मामा:
झेड ५ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, ते डी७५० मध्ये नाही. शिवाय फोकस पीकिंग, फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवतं. आम्ही फिल्मवर हातानेच फोकस करायचो.

तिपाई:
स्टॅबिलायझेशनने तुमचा हात स्थिर होतो, चढाई करणारा नाही.

चिपळूणकर_०७:
बरं, डी७५०. ३५ आणि ११-१६ चालतील ना?

तिपाई:
३५ डीएक्स (डी७०००सारख्या छोट्या सेन्सरसाठीची) असेल तर बॉडी आपोआप क्रॉप करते, २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. क्रॉप बंद केलात तर कोपरे काळवंडतात. ११-१६ फक्त १६च्या आसपास पूर्ण फ्रेम भरते. थोडक्यात, तुमच्या खऱ्या फुल फ्रेम लेन्स दोनच. रुंद काढायला डी७००० ठेवून द्या, विकून फार येणार नाहीत.

पाणकावळा:
भिगवणला फ्लेमिंगोंसाठी ८०-२०० पुरत नाही. २००-५०० घ्या.

चिपळूणकर_०७:
पक्षी कोणी विचारलेत? सेकंडहँडमध्ये काय बघू ते सांगा, भावाला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही.

तिपाई:
दुकानातच एक जेपीजी काढून जशीच्या तशी तुम्हाला पाठवायला सांगा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर आतली माहिती उडते. तिच्यात शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढले तो आकडा, मिळतो. निकॉनने या शटरची चाचणी दीड लाखापर्यंत केली आहे. तुमची ८०-२०० भावासोबत द्या, तिथेच लावून फोकस होतो का बघू दे. रिंग २२ वर लॉक हवी, नाहीतर स्क्रीनवर एफईई अशी चूक येईल आणि दुकानदार लेन्सलाच नावं ठेवेल.

देवरुखची_सुमन:
तुमच्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी येते का? आमच्या दोन गेल्या. तांदळाच्या डब्यात ठेवावी असं सासरे म्हणतात.

तिपाई:
ताई, तांदळाची भुकटी लेन्समध्ये जाईल. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. नवा धागा काढा, लिहितो.

अल्फामॅन:
सोनीच्या मिररलेस लेन्सना हा स्क्रूचा त्रासच नाही, एवढंच म्हणतो.